माहेर नावाचा डबा

डिस्ककाकूंच्या टेबलावर आलेला कॉम्प्युटर एक तर सुरू व्हायचा, नाहीतर काकू सरळ सांगायच्या, की याचं आता काही खरं नाही, घरी न्या आणि त्यावर कुंडी ठेवा. मधलं काही नसायचं. "बघू या", "होऊन जाईल" असली गोड उत्तरं त्यांना जमायची नाहीत, आणि म्हणूनच लोक त्यांच्याकडे यायचे.

येणारे सगळे जुन्या यंत्रांचे मालक असत. कुणा दातांच्या डॉक्टरांचं फोटो काढायचं यंत्र, कुणा छापखान्याचं कागद कापायचं यंत्र. यंत्र ठणठणीत, पण त्याला चालवणारा कॉम्प्युटर म्हातारा झालेला, आणि नव्या कॉम्प्युटरशी त्या यंत्राचं मुळीच पटत नाही. बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. मग एके दिवशी सकाळी तो म्हातारा काळ्या पडद्यावर एकच ओळ दाखवतो, की सुरू कसं व्हायचं ते मला सापडत नाही. मालक चार ठिकाणी विचारत फिरतो. मग कुणीतरी सांगतं, अहो, डिस्ककाकूंकडे जा की.

काकूंनी नोकरीची सगळी वर्षं एका मोठ्या कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात काढली होती. नवीन काही आलं की बाकीचे जुनं विसरायचे. काकूंना विसरता यायचं नाही. "यात हुशारी कसली," त्या म्हणायच्या, "मला काही टाकवत नाही, एवढंच." यावर काका, म्हणजे त्यांचे यजमान, हळूच म्हणायचे, "म्हणून तर मी अजून या घरात आहे." काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. घरातला एकही नळ त्यांनी निवृत्तीनंतर गळू दिला नव्हता आणि एकही विनोद वाया जाऊ दिला नव्हता.

काकूंचं सगळं काम फ्लॉपींवर चालायचं. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी, चपटी वस्तू, जी आजकालच्या मुलांना दाखवली तर ती उलटसुलट करून परत देतात. कॉम्प्युटर स्वतःच्या पोटातल्या हार्ड डिस्कवरून उठेनासा झाला, की त्याच्या तोंडात ही बूट डिस्क सरकवायची. तिच्यावर उठून बसण्यापुरतं सगळं असतं. तिच्या आधाराने तो उठतो, डोळे उघडतो, आणि मग आपल्या हार्ड डिस्कवर काय राहिलंय, काय बिघडलंय ते त्याला दिसायला लागतं. पुढची दुरुस्ती मग सोपी.

पण काकू बूट डिस्क म्हणत नसत. त्या माहेर म्हणत.

"दमलेली, गोंधळलेली पोर काय करते?" त्या समजावून सांगत. "माहेरी जाते. चार दिवस राहते. आपण कोण ते तिला आठवतं. मग जाते परत आपल्या घरी. याचंही तसंच." ज्या यंत्राची जी बूट डिस्क, ते त्याचं माहेर. छापखान्याचं माहेर, दातवाल्यांचं माहेर. हे सगळं पत्र्याच्या एका चौकोनी बिस्किटांच्या डब्यात, आणि डब्याच्या झाकणावर काकूंच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द: माहेर.

त्यांचे दोन नेम होते. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक इवलीशी सरकती खिडकी असते. ती उघडी ठेवली की फ्लॉपीवरचं वाचता येतं, पण तिच्यावर नवीन काही लिहिता येत नाही. काकूंच्या सगळ्या माहेरांच्या खिडक्या कायम उघड्या. आलेल्या पोरीने आपलं दुखणं माहेरच्या भिंतींना लावून जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नेम असा, की प्रत्येक माहेरावर सुरुवातीलाच त्यांनी एक ओळ लिहून ठेवलेली होती. कॉम्प्युटर उठला, की पडद्यावर सगळ्यात आधी ती यायची. अक्षरं इंग्रजी, कारण त्या जुन्या यंत्रांना दुसरी येत नव्हती, पण शब्द आपले: "आलीस? बस."

कामाच्या दृष्टीने त्या ओळीचा काडीचा उपयोग नव्हता. ती आली की काकूंना बरं वाटायचं.

आता बूटवाल्यांविषयी सांगायला हवं. त्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्याला, पुढे बसायला बाक आणि मागे खोलीभर लाकडाचा भुसा. ज्यांचे पाय दुकानातल्या तयार बुटांत मावत नाहीत, ज्यांचा एक पाय आखूड, वाकडा किंवा सुजरा, त्यांच्यासाठी ते बूट शिवायचे. बुटाआधी पायाचा लाकडी साचा लागतो. तरुणपणी ते साचे हाताने कोरत. पुढे एक बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथलं साचे कोरायचं यंत्र त्यांनी आणलं. त्याला एक कॉम्प्युटर जोडलेला. त्यात पायाची मापं भरली, की यंत्र लाकडाचा ठोकळा फिरवत फिरवत हुबेहूब साचा काढून देई.

हा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, की तुम्हाला बूट डिस्क लागेल. बूटवाले वैतागले. "अहो, जन्मभर बूटच करतोय मी. माझ्या कॉम्प्युटरला बुटाची डिस्क नसेल तर कुणाला असेल?" असं म्हणून त्यांनी आपल्याकडच्या सगळ्या डिस्क पिशवीत घालून काकूंच्या पुढे ओतल्या. बुटांच्या मापांच्या डिस्क होत्या, बुटांच्या नक्ष्यांच्या होत्या. बूट डिस्क एकही नव्हती. काकू हसल्या ते पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हापासून दोघांची मैत्री. बूटवाले काकूंपेक्षा वयाने बरेच मोठे, पण तेही त्यांना काकूच म्हणत.

तो कॉम्प्युटर मात्र विक्षिप्त होता. त्याची हार्ड डिस्क त्याच्या मानाने फार मोठी, पुढे कधीतरी बसवलेली. ती त्याला धड दिसतच नसे. दोघांच्या मध्ये एक दुभाषा लागायचा, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, जो सुरू होतानाच मध्ये उभा राहून सांगायचा, की बाबा रे, घाबरू नकोस, ही तुझीच डिस्क आहे, एवढी मोठी आहे. काकूंनी आठवडाभर खटपट करून त्या दुभाष्यासकट एक माहेर बनवलं. साधी बूट डिस्क तिथे कामाची नव्हती.

आणि त्याच आठवड्यात काकूंना सून मिळाली. म्हणजे तेव्हा तसं कुणाला ठाऊक नव्हतं. काकू टेबलाखाली वायरी सोडवत बसलेल्या असताना बाकावर एक मुलगी अनवाणी बसली होती. तिचा बूट आत दुरुस्तीला. काकूंनी न बघताच हात पुढे करून "पकड" म्हटलं, तर त्या मुलीने अचूक तीच पकड हातात दिली. मग दुसऱ्यांदाही. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड, आणि त्यासाठी लागणारा उंच टाचेचा बूट ती लहानपणापासून इथेच करून घ्यायची. काकूंना घरी न्यायला त्यांचा मुलगा आला, तोही बाकावर बसला, आणि काम संपलं तरी उठेना. पुढचं सांगायला नको.

सूनबाई अनाथालयात वाढलेली. आई-बाप, आजोळ, काही नाही. शिकून ती इस्पितळात नर्स झाली आणि कामाला इतकी चोख, की वॉर्डातल्या जुन्या बायकाही तिला विचारून करू लागल्या. लग्नानंतर मुलगा बोटीवरच्या नोकरीला निघून गेला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात उरली सासू, सासरा आणि सून. लोकांना वाटायचं, आता होईल खणाखणी. पण तिघांचं मजेत चाललेलं. काका भाजी चिरायचे, सूनबाई फोडणी द्यायची, आणि काकू, ज्यांना स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा, वाढलेलं ताट मोठ्या कौतुकाने संपवायच्या. हे सुख काकूंना कळत होतं. कधी कधी जेवता जेवता त्या उगाचच म्हणायच्या, "बरं चाललंय हो आपलं."

एक गोष्ट मात्र काकूंच्या लक्षात आलेली होती. माहेर हा शब्द निघाला की सूनबाई जरा गप्प व्हायची. वाईट वाटून नव्हे. दुसऱ्याच्या घरातली किमती वस्तू आपण हाताळू नये, तशी ती त्या शब्दापासून जपून राहायची.

तर झालं असं, की काकूंच्या कामाच्या खोलीला रंग द्यायचं निघालं. खोली रिकामी करायचं काम सूनबाईने अंगावर घेतलं. त्याच दिवशी काकूंचे दादा, त्यांचे मोठे भाऊ, टेंपो घेऊन आले. काकूंच्या आईचं एक जुनं लाकडी कपाट इतकी वर्षं काकूंकडे होतं, ते वहिनींना हवं होतं. काकू तेव्हा छापखान्यात गेलेल्या. काकांनी आणि दादांनी कपाट जिन्यावरून खाली उतरवलं, भिंतीला दोन ओरखडे पाडले, एकमेकांना दोष दिला आणि चहा प्यायले. टेंपो निघाला, तोच सूनबाई धावत खाली आली आणि दादांच्या हातात एक डबा देत म्हणाली, "मामा, हा राहिलाच होता." दादांनी झाकणावरचा शब्द वाचला, बहिणीच्या आठवणीने त्यांना भरून आलं, आणि डबा त्यांनी मांडीवर घेतला.

हे काकूंना कुणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

पुढे काही दिवसांनी सूनबाई संध्याकाळी घरी आली ती भिंतीला हात लावत. तिच्या बुटाची टाच आतून चिरली होती. बूटवाल्यांनी डागडुजी करून दिली, पण ते स्वतःच म्हणाले, की हा आता फार दिवस काढणार नाही, नवीन जोड करायलाच हवा. साचाही नव्याने कोरायला लागणार होता, जुना झिजून गेलेला. तोवर कमरेतून कळ यायची. ती बोलायची नाही, पण स्वयंपाकघरात एका हाताने ओट्याला रेलून उभी राहायची, आणि काका बघून न बघितल्यासारखं करत तिच्यामागे स्टूल सरकवून ठेवायचे. इस्पितळातल्या मेट्रनबाईंनी तिला बोलावून प्रेमानेच सांगितलं होतं, की महिनाअखेर बघू, नाहीतर तुला खाली नोंदणीच्या टेबलावर बसवते. खुर्चीतलं काम आहे.

"बसायचं असतं तर नर्स कशाला झाले असते?" सूनबाई काकूंना म्हणाली. तिचे डोळे भरलेले काकूंनी पहिल्यांदा पाहिले. मागे कधीतरी दुसऱ्या दोन दुकानांतून बूट करून बघितले होते. एकाने टाचेला फोड आले, दुसऱ्याने गुडघा धरला. बूटवाल्यांच्या यंत्रात तिच्या पायाची मापं होती ती नुसती लांबी-रुंदीची नव्हती. बालपणापासून दर जोडाला इथे थोडं कमी, तिथे थोडं जास्त असं करत करत ती जुळून आलेली होती. ती कुणाला एका दिवसात घेता येणारी नव्हती.

आणि नेमका तेव्हाच बूटवाल्यांचा फोन आला. रस्त्यावरची वीज दोनदा झटका देऊन गेली, आणि कॉम्प्युटर सुरू होत नाही.

काकू गेल्या. पिशवीत एक साधी बूट डिस्क होती, ती घालून पाहिली. कॉम्प्युटर उठला, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाला, की इथे मला काही लिहिलेलं दिसत नाही, हवं तर ही डिस्क नव्याने आखून देतो. खाली विचारलेलं, हो की नाही.

"हो म्हणा की," बूटवाले म्हणाले. "एवढं विचारतोय तर."

काकूंनी फ्लॉपी ओढून बाहेर काढली. "हो म्हटलं तर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय पुसले जातील. त्याला दुभाषा पाहिजे. वरची बाजू विजेने पुसली गेलीय, खालची मापं शाबूत असणार. मी माहेर घेऊन येते, तासाभराचं काम आहे." असं म्हणून त्या घरी आल्या, नव्या रंगाच्या वासाच्या खोलीत गेल्या, फळीवर हात टाकला, आणि तिथे डबा नव्हता.

काकूंनी खोली उलटीपालटी केली. मग स्वयंपाकघर. मग काकांची हत्यारांची पेटी, जिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. सूनबाई कामावरून आली, तर घरभर वस्तूंचा पसारा आणि मध्ये काकू बसलेल्या.

"अगं, माझा डबा कुठे ठेवलास? बिस्किटांचा, पत्र्याचा."

"माहेर लिहिलेला? तो मामांना दिला ना, कपाटाबरोबर."

"दादाला? कशाला?"

"माहेरचं होतं म्हणून."

काकूंचा पारा चढला. कामात कुणी ढवळाढवळ केली की त्यांचा तोल जायचा, ही त्यांची जुनी खोड. "झाकणावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही का तुला?"

"वाचूनच तर दिला, आई," सूनबाई म्हणाली.

काका खुर्चीत तोंडावर वर्तमानपत्र धरून बसले होते, ते वर्तमानपत्र हलायला लागलं. पण सूनबाईचा चेहरा पडला होता. ती उंबऱ्याशीच उभी राहिली, एक पाय टेकवून, एक उचलून. "मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही इतकं जपून ठेवलेलं. मला वाटलं, तुमच्या आईची काही आठवण असेल, आपल्याकडे नुसती पडून राहायला नको. मला यातलं कळत नाही ना. माहेरच्या वस्तू कुठे ठेवतात ते."

काकूंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. या पोरीला त्यांनी कामाचा सगळा शब्दकोश ऐकवला होता, वायरींची नावं सांगितली होती, पण डिस्कला माहेर का म्हणायचं हे एकदाही सांगितलं नव्हतं, तिला लागेल म्हणून. जपण्याच्या नादात घोटाळा झाला. त्यांनी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. दमलेल्या पोरीचं, चार दिवसांचं, आपण कोण ते आठवण्याचं, सगळं. सूनबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "पण प्रती नव्हत्या केल्या का?"

"केल्यात की."

"कुठे आहेत?"

"त्याच डब्यात," काकू म्हणाल्या, आणि आता मात्र काकांना वर्तमानपत्र खाली ठेवावं लागलं.

वहिनींना फोन लावला. वहिनी खुशीत होत्या. "वन्सं, डबा छान आहे हो. मी त्यात बटणं ठेवलीत."

"आणि आतलं?"

"आत त्या काळ्या चौकोनी टिकल्या होत्या ना? त्या फार उपयोगी पडल्या. कपाट डुगडुगत होतं, एक पाय आखूड आहे ना त्याचा. त्या लावल्यात खाली. आता अगदी घट्ट बसलंय."

काकूंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सासू-सून दादांच्या घरी निघाल्या. काकू नको म्हणत होत्या, कळ येईल, कशाला दगदग. पण सूनबाई ऐकेना. "मी दिलाय, मीच आणणार." बसमध्ये खिडकीची जागा तिने काकूंना दिली. उतरताना काकूंनी तिच्या दंडाला धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

वहिनींच्या बैठकीच्या खोलीत आईचं कपाट ऐटीत उभं होतं. दादांनी खांदा लावून ते जरा उचललं, सूनबाईने खाली वाकून एकेक डिस्क बाहेर काढली. सगळ्यात वरच्या दोन पार चेचलेल्या, प्लास्टिकचे तुकडे झालेले. त्यांच्या खाली छापखाना आणि दातवाले सुखरूप. बूटवाल्यांचं माहेर चेचलेल्यांतलं एक, आणि दुसरी होती त्याचीच प्रत.

वहिनी तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वन्सं, मला काय माहीत हो."

"तुम्हाला कसं माहीत असणार, वहिनी? आपल्या घरात माहेर पायाखाली गेलं, एवढंच," काकू म्हणाल्या. पण त्या डिस्ककडे बघत होत्या, आणि तुकडे उलटे करून उजेडात धरत होत्या. आतली पातळ काळी चकती एका बाजूला जराशी वाकली होती. चिरली नव्हती.

कपाटाच्या आखूड पायाखाली सूनबाईने स्वतःच्या हाताने लाकडाची एक चकती बरोबर मापाची कापून बसवली, तेव्हाच त्या निघाल्या. कपाट डुगडुगायचं थांबलं. "मला या कामातलं कळतं," ती वहिनींना म्हणाली, आणि वहिनी आधी गोंधळल्या, मग तिच्या बुटाकडे बघून हसल्या. सूनबाईही हसली.

घरी न जाता दोघी तडक बूटवाल्यांच्या दुकानात गेल्या. दुपारचं ऊन बाकाजवळच्या टेबलावर पडलेलं. काकूंनी साबणाने हात धुतले, पुसले, एक कोरी फ्लॉपी घेतली आणि बूटवाल्यांकडे त्यांची चामडं कापायची सगळ्यात पातळ सुरी मागितली. फ्लॉपीच्या कडेने सुरी फिरवून त्यांनी तिची दोन टरफलं वेगळी केली, आतली चकती काढून बाजूला ठेवली. मग चेचलेल्या माहेराचे तुकडे सोडवले, त्यातली काळी चकती मधल्या धातूच्या गोलाला धरून, कडेला बोटही न लावता उचलली, आणि नव्या टरफलात ठेवली.

बूटवाले डोळ्यांवर चष्मा चढवून बघत होते. "म्हणजे पाय तोच, बूट नवीन."

"तेच," काकू म्हणाल्या. "आता चालतोय का बघायचं."

कोपऱ्यांना गोंदाचा एकेक ठिपका लावला. खिडकी उघडी केली. फ्लॉपी आत सरकवली. कॉम्प्युटरने खर्र केलं, परत खर्र केलं, आणि पडद्यावर आलं, की वाचता येत नाही. सूनबाईने बाकाची कड घट्ट धरली. नवीन जोड झाला नाही तर महिनाअखेरीला नोंदणीचं टेबल होतं, आणि आज महिन्याचे थोडेच दिवस उरले होते.

काकूंनी फ्लॉपी बाहेर काढली, मधला गोल बोटाने हलकेच फिरवून वाकलेली कड सरळ बसवली, परत घातली. खर्र. बराच वेळ खर्र. बूटवाल्यांनी खोकला दाबून धरला.

आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आलीस? बस.

काकू खुर्चीत मागे टेकल्या. दुभाष्याने मध्ये उभं राहून ओळख करून दिली. हार्ड डिस्क उघडली. गिऱ्हाइकांची नावं ओळीने खाली उतरली. वीज पुसून गेली होती तो भाग काकूंनी दुरुस्त केला, माहेर बाहेर काढलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि या वेळी तो आपला आपण, कुणाच्या आधाराशिवाय उठला.

बूटवाल्यांनी सूनबाईचं माप काढलं. एकाखाली एक बरीच मापं आली. "हे काय, इतकी का?" काकूंनी विचारलं.

"पुसायचं कशाला?" म्हातारा म्हणाला. "हे बघ पोरी, हा तुझा पहिला. इवलासा होता. अनाथालयाच्या बाई तुला उचलून घेऊन आल्या होत्या, आणि तू माझ्या बाकावर रडून गोंधळ घातला होतास. हा शाळेत गेलीस तेव्हाचा. हा नर्सिंगचा. हा लग्नाचा, यात टाच जरा नाजूक केली होती मी, तू नको म्हणालीस तरी."

सूनबाई वाकून बघत राहिली. लहानपणचा एकही फोटो तिच्याजवळ नव्हता. आपला पाय केवढा होता आणि केवढा झाला, हे कुणी सांभाळून ठेवलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने पडद्यावरच्या पहिल्या मापावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. काकूंनी आपलं तोंड पिशवीत घातलं, काहीतरी शोधायला.

यंत्र सुरू झालं. लाकडाचा ठोकळा फिरायला लागला, भुसा उडाला, आणि त्यातून एक पाऊल बाहेर यायला लागलं.

काकूंनी तिथेच बसून प्रती केल्या. एक घरच्या नव्या कॉम्प्युटरसाठी. एक दादांकडे, वहिनींनी बटणं काढून डबा परत द्यायच्या बोलीवर. तिसरी हातात घेऊन त्यांनी सूनबाईला पेन दिलं. "लिही."

"काय लिहू?"

"माहेर."

तिने हळूहळू, शाळेत पहिल्यांदा लिहावं तसं लिहिलं. "आणि ही कुठे ठेवायची? मामांकडे एक आहेच."

"ते माझं. हे तुझं. हे तुझ्या माहेरीच ठेवायला नको का?" काकू म्हणाल्या, आणि डिस्क बूटवाल्यांच्या हातात दिली.

बूटवाल्यांनी ती दोन्ही बाजूंनी बघितली. मग स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर, लहान मुलांच्या साच्यांच्या रांगेत, त्यांनी ती उभी करून ठेवली. उतरताना त्यांना दोघींनी दोन बाजूंनी धरलं.

नवीन जोड महिना संपायच्या आत झाला. सूनबाई वॉर्डातच राहिली. स्टूल परत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेलं, आणि काकांनी त्यावर कुंडी ठेवली.

त्यानंतरच्या एका रविवारी सूनबाई जेवणं आटोपल्यावर केस विंचरून निघाली. काकांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं. "बूटवाल्यांकडे? आता काय झालं बुटाला?"

"काही नाही झालं," ती म्हणाली. "माहेरी जाऊन येते."

संध्याकाळी ती परत आली, तेव्हा काकू दातवाल्यांच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसल्या होत्या. ती त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि न मागता पकड पुढे केली.

"काय म्हणाले बूटवाले?" काकूंनी विचारलं.

"काही विशेष नाही," सूनबाई म्हणाली. "कामात होते. मान वर न करताच म्हणाले, आलीस? बस."